क ओळ, सातवी खुर्ची

१

खुर्चीचं पोट फाडलेलं होतं आणि आतला काथ्या ओळभर सांडला होता. टॉर्चचा उजेड त्यावर पडला तसे पाचही जण जागच्या जागी थिजले. खुर्ची ती खुर्चीच, पण या टॉकीजमधल्या एकेका खुर्चीचं तिकीट खिडकीबाईंनी तिकिटाच्या खिडकीत बसून तीस वर्षं आपल्या हाताने फाडलं होतं. घरातलंच कोणी आडवं पडलेलं दिसावं तसं त्यांना झालं.

ओळ तिसरी होती. आत यायचं दार डावीकडे आणि ही खुर्ची उजव्या अंगाला, कायमच्या बंद केलेल्या जुन्या दाराच्या बाजूला. तिथवर पोचायला सगळ्यांना गुडघे आखडत निम्म्याहून जास्त ओळ ओलांडावी लागली. लाल रेग्झीन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापलं होतं, फुली मारावी तसं, दोन सरळ रेघांत.

"संपलं," वकीलसाहेब म्हणाले. "कागद गेला."

कोणता कागद, ते आधी सांगायला हवं. टॉकीजचे मालक गेल्या वर्षी वारले. त्याच्याही आधी आठ वर्षांपासून टॉकीज बंद होती आणि तिच्यामागोमाग अख्खा चौक बंद पडला होता. घड्याळजी गेला, शिंपी गेला, वह्या-पेनांचं दुकान गेलं. उरली ती शटरं आणि त्यांच्यावर जाहिराती चिकटवणारी माणसं. मालक वकिलांकडे एक पाकीट ठेवून गेले होते. गावाने टॉकीजसाठी काहीतरी धड योजना आणली की मगच ते फोडा, अशी ताकीद होती. धड योजना आणली ती खिडकीबाईंच्या लेकीने. ती आर्किटेक्ट. खाली कारागिरांच्या दुरुस्तीच्या कार्यशाळा, बाल्कनीत वाचनालय, लॉबीत बाजार, आणि गेलेला चौक परत जागेवर. त्यापायी तिने दोन वर्षं रक्ताचं पाणी केलं होतं. आज संध्याकाळी पाचला नगरपालिकेच्या सभेत योजनेवर मत पडायचं होतं.

म्हणून काल दुपारी पाकीट फुटलं. आत मालकांच्या हातच्या चार ओळी होत्या. टॉकीज गावाला दिली आहे, माझी अट एकच, ती लिहिलेला कागद क ओळीत सातव्या खुर्चीत आहे. कागद मिळाला आणि अट पाळली तर टॉकीज गावाची. कागद नाही मिळाला, किंवा अट नाही पाळली, तर माझ्या पुतण्याची. मात्र पुतण्याने त्या कागदावर नजर ठेवून आधीच हात मारायला पाहिलं, तर त्याचा सगळा हक्क तिथल्या तिथे संपला.

पुतण्याला मालक चांगले ओळखून होते. टॉकीज हाती आली की पाडून तिथे वाहनतळ करायचा, हे तो चहाच्या टपरीवरसुद्धा सांगत हिंडायचा. पाकीट वाचून झाल्यावर त्याने वकिलांच्या टेबलावर बोटं मोजली होती. "अ, ब, क. म्हणजे तिसरी ओळ." सगळ्यांनी मान डोलावली आणि सकाळी दहाला मिळून जायचं ठरलं.

खिडकीबाई तेव्हा मनातल्या मनात हसल्या होत्या आणि मुद्दामच गप्प बसल्या होत्या. त्यांनी लेकीकडे पाहिलं होतं. लेकही खाली मान घालून वहीत काहीतरी रेखाटत गप्प बसली होती. शेवटी माझीच पोर, असं त्यांना कौतुकाने वाटलं होतं.

आता मात्र हसू लपवायचं कारण उरलं नव्हतं. त्यांनी पदर खोचला.

"कागद गेला नाही," त्या म्हणाल्या. "चोर चुकलाय."

२

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. पुतण्याने भुवया वर केल्या. खिडकीबाईंचे थोरले भाऊ तेवढे हलले नाहीत. चाळीस वर्षं याच टॉकीजचं मशीन चालवलेले हे ऑपरेटर साऱ्या गावाचे मामा होते, आणि अजूनही रोज दुपारी वर केबिनमध्ये जाऊन त्या मुक्या मशीनला तेल घालून यायचे. मामा जमिनीवरच्या काथ्याकडे बघत उभे होते.

खिडकीबाईंनी समजावून सांगितलं. हल्लीच्या माणसांना अ, ब, क, ड ठाऊक. पण मालकांचे वडील होते शाळामास्तर, त्यांनी ओळींना नावं दिली ती मुळाक्षरांतली. क, ख, ग, घ. पितळी पट्ट्या होत्या खुर्च्यांना, त्या टॉकीज बंद झाल्यावर कोणीतरी उपटून नेल्या, म्हणून आता कळत नाही. क म्हणजे पहिली ओळ. अगदी पडद्यापुढची, सर्वांत स्वस्त. आणि मालक प्रत्येक नव्या सिनेमाचा पहिला खेळ तिथेच बसून बघायचे, क सातवर, लोक काय बोलतात ते ऐकायला.

"माझी लेक शाळेत जायच्या आधी याच ओळींवर अक्षरं गिरवायला शिकली," त्या म्हणाल्या. "कुठे शिकलीस म्हणून कोणी विचारलं, तर म्हणायची, स्वस्तातल्या जागांवर."

वकीलसाहेब हसले. लेकही कसनुशी हसली. तिच्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती. योजनेचा पुठ्ठ्याचा नमुना कापताना ब्लेड लागलं, असं तिने रात्री जेवताना सांगितलं होतं.

सगळे पहिल्या ओळीकडे धावले. खिडकीबाईंनी सातवी खुर्ची दाखवली. वकीलसाहेब, एरवी जागचे न उठणारे, चक्क जमिनीवर बसले आणि खालची फळी चाचपू लागले. फळीला चार भोकं होती आणि स्क्रू तीनच. ते त्यांनी खिशातल्या चाकूच्या टोकाने फिरवले. फळी सुटली आणि एक पिवळा पडलेला लिफाफा त्यांच्या मांडीवर पडला.

वकिलांनी कागद उलगडला आणि वाचला. "वास्तू पुन्हा उघडेल त्या दिवसापासून तिच्यात रोज निदान एक खेळ झाला पाहिजे. ज्या दिवशी खेळ बंद, त्या दिवसापासून वास्तू पुतण्याची." खाली सही.

"रोज सिनेमा!" पुतण्या फिसकन हसला. "दाखवा की. शेवटच्या वर्षी सहा माणसं यायची सिनेमाला. खुर्च्या काढून सुतारकाम मांडणार आहात ना तुम्ही?"

पण वकीलसाहेब हसत नव्हते. ते फाडलेल्या खुर्चीकडे बघत होते. मग ते सावकाश पुतण्याकडे वळले.

"तिसरी ओळ म्हणालं कोण होतं काल? तुम्ही. तिसऱ्या ओळीतली खुर्ची फाडली कोणी, ते आता सांगायला हवं का? मालकांनी लिहून ठेवलंय, कागदावर हात मारायला गेलात तर हक्क संपला. अट पाळली न पाळली, टॉकीज आता तुमची होत नाही."

पुतण्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी काल इथे पाऊलसुद्धा ठेवलं नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगू लागला. कोणी ऐकलं नाही. मागच्या दाराची कडी कित्येक वर्षं नुसती लोंबत होती, कोणीही आत शिरावं. वकीलसाहेबांनी पोलिसांना कळवायचं म्हणून फोन काढला.

खिडकीबाईंना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांची नजर वकिलांच्या पायाशी पडलेल्या तीन स्क्रूंवर खिळली होती. स्क्रू गंजलेले होते, मात्र त्यांच्या डोक्यावरच्या खाचा चांदीसारख्या चकचकीत होत्या. चाकूचं टोक एकदा फिरवून गंज असा निघत नाही.

ही फळी कोणीतरी कालच उघडली होती. आणि कागद वाचून परत जागेवर ठेवला होता.

३

"फोन जरा थांबवा," त्या वकिलांना म्हणाल्या. "मला यांच्याशी बोलू द्या. माझ्या खोलीत."

खोली म्हणजे तिकीटघर. एक माणूस बसेल आणि दुसरा अंग चोरून उभा राहील एवढीच जागा. समोर जाळी, जाळीवर पडदा, आणि खाली हात जाईल एवढी खिडकी. त्या खिडकीतून खिडकीबाईंनी तीस वर्षं गावाचे फक्त हात पाहिले होते. चेहरे त्यांना नीट आठवत नसत. हात दिसला की मात्र माणूस कोण, कोणाबरोबर आलाय आणि घरी काय सांगून आलाय, हे त्या अचूक सांगत. लेक लहान असताना बाहेरून टाचा उंचावून या खिडकीत झाडाचं पान सरकवायची आणि तिकीट मागायची. खिडकीबाई गंभीर चेहऱ्याने विचारायच्या, "कोणता खेळ?" मग ती वाट्टेल ते सांगायची. मांजराचा खेळ, आंघोळीचा खेळ, आजारी पडायचा खेळ. तिकीट तिला दर वेळी मिळायचं.

पुतण्या आत आला आणि भिंतीला टेकला. भिंतभर जुनी तिकिटं चिकटवलेली होती. अत्तराचा वास नाकात गेला तशी खिडकीबाईंनी खुर्ची मागे सरकवली. त्यांनी त्याचे हात पाहिले. तीन अंगठ्या, कापून घासलेली नखं, एकही ओरखडा नाही. काथ्यात कोपरापर्यंत हात घातलेला माणूस दुसऱ्या दिवशी असा कोरा राहत नाही.

"मी या टॉकीजमध्ये जन्मात दोनदा आलो," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "काकांनी कधी शेजारी बसवून घेतलं नाही. म्हणायचे, तुला सिनेमा दिसत नाही, जागा दिसते."

ते खरंच होतं, आणि मालकांच्याच तोंडी शोभणारं होतं. खिडकीबाई उठल्या.

"समजा, काल तुम्ही आला असतात. तर कोणती खुर्ची फाडली असती? दाखवा चालून."

तो चिडला, पण गेला. डावीकडच्या दारातून आत शिरला, तिसऱ्या ओळीपाशी थांबला, आणि दारापासून एक, दोन, तीन करत सातवर हात ठेवला.

ती खुर्ची धडधाकट होती. फाडलेली खुर्ची तिच्या पलीकडे, आणखी पाच जागा पुढे होती.

ओळीत खुर्च्या अठरा. या टॉकीजचं जुनं दार उजवीकडे होतं, म्हणून आकडे उजवीकडून सुरू होत. दार बंद झालं, डावीकडे नवं फुटलं, पण आकडे कोणी बदलले नाहीत. उजव्या भिंतीपासून मोजत आलं की फाडलेली खुर्ची बरोबर सातवी होती.

ज्याने हे केलं त्याने ओळ चुकवली होती, खुर्ची मात्र चुकवली नव्हती. बाहेरचा माणूस दोन्ही चुकला असता. ओळ मुद्दाम चुकवली होती, पुतण्याच्या नावावर खपावी म्हणून. पण मोजताना बोट आपलं सवयीने उजवीकडून सुरू झालं होतं.

सवय असलेली माणसं आता गावात तीनच उरली होती. त्यातली एक त्या स्वतः होत्या.

४

त्यांना गप्प बसता आलं असतं. हे त्यांनी पुढेही कधी नाकारलं नाही. पाच वाजता मत पडलं असतं, चौक पुन्हा उभा राहिला असता, लेकीचं नाव झालं असतं आणि अत्तर लावणाऱ्या एका माणसाची बेअब्रू झाली असती, जो कोणालाच आवडत नव्हता. पण तीस वर्षं त्यांनी आंधळ्या म्हाताऱ्यालाही त्याच्या हक्काच्या जागेवर बसवलं होतं. एकाची जागा दुसऱ्याला देणं त्यांच्या हातून होईना.

त्यांनी सगळ्यांना पडद्यापुढे उभं केलं आणि जे दिसलं ते सांगून टाकलं. उजवीकडून मोजलेली खुर्ची, चकचकीत खाचा, कोरे हात. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की वकीलसाहेबांची नजर आपल्यावरून घसरून मामांवर थांबली आहे. आणि काल दुपारी तीन ते सहा आपण मशीनपाशी होतो, हे मामांनी सकाळीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. इतका वेळ खिडकीबाई आपल्या हुशारीवर खूश होत्या. त्यांनी पुतण्याच्या गळ्यातला फास काढून सख्ख्या भावाच्या गळ्यात अडकवला होता.

"मीच केलं," मामा म्हणाले.

त्यांनी ते फार शांतपणे सांगितलं. टॉकीज पाडू देणार नव्हतो, म्हणून. कागद वाचला, अट काही जमण्यासारखी दिसली नाही, म्हणून पुतण्याला अडकवायला दुसरी खुर्ची कापली. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा.

वकीलसाहेब मटकन खुर्चीत बसले. पुतण्या हसलासुद्धा नाही. लेक मामाकडे बघत होती.

त्याच वेळी खिडकीबाईंची नजर मामांच्या शर्टाकडे गेली. शर्टाची बटणं त्यांनीच सकाळी लावून दिली होती. रोजच लावून देत. मशीनला उजेड देणारी पेटती कार्बनची कांडी हातावर पडल्यापासून मामांच्या उजव्या हाताची तीन बोटं वाकायची बंद झाली होती, आणि डाव्याला आता थरथर होती. ज्या माणसाला स्वतःचं बटण लावता येत नाही, तो गंजलेले स्क्रू फिरवून परत बसवणार कसा? आणि रेग्झीनवर दोन सरळ रेघा मारणार कसा?

दादा खोटं बोलत होता. आयुष्यात पहिल्यांदा.

५

त्या एकट्याच जाऊन क ओळीत बसल्या. सात नंबर रिकामा ठेवला आणि आठवर बसल्या. मागे वळून वर पाहिलं. बाल्कनीच्या वर, भिंतीत, मशीनच्या केबिनचं चौकोनी भोक होतं. तिथून सिनेमा पडद्यावर पडायचा आणि तिथूनच ऑपरेटरला अख्खी टॉकीज दिसायची. मामांनी काल दुपारी तिथून कोणाला तरी पाहिलं होतं. ज्याला पाहिलं, त्याच्यासाठी ते आज खोटं बोलले.

मामांनी लग्न केलं नव्हतं. साऱ्या गावाचे मामा, पण ज्यांच्यासाठी ते तुरुंगात जायला तयार होतील अशी माणसं जगात दोनच. एक म्हणजे मी, खिडकीबाई मनात म्हणाल्या, आणि मी काल दुपारी घरी कपडे वाळत घालत होते.

मग सगळं आपोआप समोर येऊन बसलं. काल चार वाजता लेक म्हणाली होती, मागच्या भिंतीचं माप राहिलंय, घेऊन येते. ब्लेड आणि मोजपट्टी तिच्या पिशवीत कायम असतात; सरळ रेघेत कापणं हा तिचा धंदाच. अंगठ्याची पट्टी. वकिलांकडे वहीत खुपसलेली मान. क म्हणजे पहिली ओळ हे जिला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं, ती पुतण्या बोटं मोजत असताना गप्प का बसली, हे कौतुकाने नव्हे, काळजीने विचारायला हवं होतं.

पोरीने खुर्ची फाडली याचा धक्का होताच. त्याहून मोठा धक्का वेगळा होता. मामा सगळ्यांसमोर "मीच केलं" म्हणाला, आणि ती गप्प राहिली.

६

पोलिसांना फोन सभेनंतरच करायचा असं ठरलं होतं. दुपारी चारला सगळे टॉकीजमध्ये पुन्हा जमले तेव्हा त्या वकिलांना म्हणाल्या, की फळीला स्क्रू चार होते, सापडले तीन. चौथा कोणाच्या तरी खिशात आहे. मी तिकीटघरात बसते, जाळीचा पडदा ओढून घेते. एकेकाने लॉबीत एकट्याने यायचं, खिडकीत हात घालायचा आणि जायचं. ज्याच्याकडे स्क्रू असेल त्याने तो ठेवायचा. मला चेहरा दिसणार नाही.

पुतण्या कुरकुरला, पण पहिला तोच आला. अंगठ्यांचा हात, रिकामा. मग वकीलसाहेबांचा, शाईचा डाग पडलेला, तोही रिकामा. मग भाजलेल्या तीन बोटांचा. तो हात आत आला आणि तसाच थांबला. खिडकीबाईंनी त्यावर आपला हात ठेवला.

"वरून सगळं दिसलं ना, दादा?"

"मशीनच्या भोकातून पडदाच तेवढा दिसतो," मामा म्हणाले आणि हात काढून घेतला.

मग बराच वेळ कोणी आलं नाही. लॉबीत पावलं वाजली, थांबली, परत फिरली, पुन्हा आली. खिडकीत एक हात शिरला. अंगठ्याला पट्टी होती. त्याने लाकडावर एक गंजलेला स्क्रू ठेवला.

"मी फक्त बघणार होते, आई," पडद्यापलीकडून आवाज आला. "अट काय आहे तेवढंच. मग वाचलं. रोज एक खेळ. रोज सिनेमा कोण बघणार? योजना गेली, टॉकीज गेली, तो सगळं पाडणार. मला दुसरं काही सुचेना."

"मग त्याला चोर ठरवलंस."

"तो वाईट माणूस आहे."

"असेल. चोर नाही."

हात मागे गेला नाही. खिडकीबाईंनी विचारलं, मामा बोलला तेव्हा का गप्प बसलीस? बोटं नुसती तो स्क्रू लाकडावर पुढे सरकवत राहिली, टाचा उंचावून पान सरकवणाऱ्या पोरीची बोटं. आणि खिडकीबाईंच्या तोंडून तीस वर्षांच्या सवयीने शब्द निघून गेले.

"कोणता खेळ?"

बोलल्या आणि स्वतःच दचकल्या. त्यांनी टॉर्च पेटवून भिंतीवर धरला. चिकटवलेल्या तिकिटांवर मालकांनी स्वतः सांगून छापून घेतलेली अक्षरं होती. खेळ पहिला. खेळ दुसरा. विशेष खेळ: जादू. विशेष खेळ: कुस्ती. खेळ: शाळेचं स्नेहसंमेलन. आणि एका कोपऱ्यात, खेळ: रक्तदान. त्या तिकिटावरून त्यांनी मालकांशी वाद घातल्याचं त्यांना आठवलं. रक्तदान हा काय खेळ आहे, असं त्या म्हणाल्या होत्या. मालक म्हणाले होते, लोक रांगेत उभे राहतात, आत अनोळखी माणसाशेजारी बसतात आणि बाहेर येऊन घरी सांगतात, तुम्ही खेळच छापा.

मालकांनी रोज सिनेमा मागितलाच नव्हता, लोकांनी इथे रोज जमावं एवढंच मागितलं होतं. तुझ्या योजनेत रोज सतरा खेळ होते, त्या पडद्याला म्हणाल्या, आणि तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस.

पलीकडे हुंदका ऐकू आला.

"तिकिटं मी वकिलांना दाखवीन," खिडकीबाई म्हणाल्या. "योजना राहील. पण मामाने दिलेली कबुली मला मोडता येणार नाही. ती तुलाच मोडायला लागेल. जा, पाच वाजत आले."

पावलं आत गेली. भिंतीपलीकडून लेकीचा आवाज आला, पहिल्यांदा बारीक, मग स्पष्ट. मी केलं. मामांनी नाही, यांनीही नाही. खिडकीबाईंनी भिंतीवरची तिकिटं सोडवायला घेतली.

सभेत वकीलसाहेबांनी तिकिटं एकेक करून टेबलावर मांडली. मालकांच्या लेखी खेळ म्हणजे काय ते मालकांनीच छापून ठेवलंय, असं ते म्हणाले, आणि त्यावर कोणी वाद घातला नाही. योजना मंजूर झाली. नकाशावरचं स्वतःचं नाव लेकीने सभेतच, मोजपट्टी लावून, सरळ रेघेत खोडलं. पुतण्याने तक्रार केली नाही. सभा सुटल्यावर तो खिडकीबाईंसमोर क्षणभर थांबला आणि निघून गेला.

टॉकीज उघडायला पुढे दीड वर्ष लागलं. काम दुसऱ्या आर्किटेक्टने पुरं केलं, लेक दुसऱ्या गावी नोकरीला गेली. उघडायच्या दिवशी खाली घड्याळजी आणि शिंपी टेबलं मांडून बसले होते, बाल्कनीत पुस्तकं लागली होती, आणि मामा नव्या मदतनिसाला वर मशीन समजावून सांगत होते. खुर्च्या सगळ्या काढल्या होत्या, क ओळ तेवढी ठेवली होती. चौकात रांग पार शिंप्याच्या जुन्या दुकानापर्यंत गेली होती.

खिडकीबाई जुन्या जागी बसून हात बघत होत्या आणि तिकिटं फाडत होत्या. दुपारी एक हात आत आला. रांगेत उभं राहून आलेला, मागच्या दाराने नव्हे. अंगठ्यावर बारीक पांढरा व्रण होता.

खिडकीबाईंनी त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मागची माणसं खोळंबली.

"कोणता खेळ?" त्यांनी विचारलं.

"जो असेल तो."

त्यांनी गठ्ठ्याच्या तळाशी सकाळपासून वेगळं ठेवलेलं तिकीट काढलं आणि त्या तळव्यावर ठेवलं. त्यावर क सात लिहिलं होतं. मग त्यांनी पुढच्या हाताला जागा करून दिली.